वेळेवर येणाऱ्यांची यादी

दिवाळी अंकासाठी लिहा म्हणून फोन आला, तेव्हा सवयीप्रमाणे मी आधी यादी केली. काय लिहायचं नाही, याची. पहिलं, कोणाचं खरं नाव नाही. दुसरं, कोणाचं खरं गाव नाही. तिसरं, ‘त्याला तो आजार झाला कसा’ या प्रश्नाचं उत्तर नाही. हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीत, बँकेच्या रांगेत आणि एकदा दातांच्या डॉक्टरच्या खुर्चीत, तोंड उघडं असताना विचारला गेला आहे. आमच्या खोलीत तो कोणी कोणाला विचारत नाही. तिथे विचारायचं एकच, गोळी घेतली का.

वाशीम जिल्ह्यात एचआयव्हीच्या औषधोपचार केंद्राच्या मदतीला असलेल्या एका संस्थेत मी सतरा वर्षं काम करते. पद समन्वयकाचं. काम असं, की कोण आलं नाही ते पाहायचं आणि त्याला आणायचं. त्यासाठी माझ्याकडे चार याद्या असतात. आज येणारे, काल न आलेले, आठवडा उलटलेले आणि महिना उलटलेले. पहिली हिरव्या पेनाने, चौथी लाल. मधल्या दोन निळ्या.

बाहेरच्यांसाठी औषधाचं थोडक्यात सांगते. पूर्वी मूठभर गोळ्या असत, आता बहुतेकांना रोज एकच, तीही फुकट. ती नेमाने घेतली की विषाणू रक्तात दबून राहतो. माणूस शेतात राबतो, लेकरांची लग्नं लावतो, म्हातारा होतो. दबला की नाही ते रक्त तपासून कळतं. गोळीत खंड पडला की विषाणू डोकं वर काढतो. मला खरी भीती असते ती आज खाल्ली, उद्या नाही, अशांची. अर्धवट औषधात वाढलेला विषाणू हळूहळू त्या औषधाला जुमानेनासा होतो. मग पुढची औषधं लागतात. जास्त गोळ्या, जास्त त्रास आणि मोठ्या शहराच्या फेऱ्या. ज्याने घरात आजार सांगितलेला नाही त्याने त्या फेऱ्यांचं कारण काय सांगायचं?

घरभेटीला जाण्याची एक रीत असते. गाडी नाही, ओळखपत्र गळ्यात नाही, हातात एक पुठ्ठ्याची वही. कोणी विचारलं तर म्हणायचं, सर्वे. सर्वे म्हटलं की आमच्याकडे पुढचं कोणी विचारत नाही. उलट घरकुलाच्या यादीत आपलं नाव आहे का, हे विचारायला चार माणसं गोळा होतात. सतरा वर्षांत मी शौचालयांचा, म्हशींचा, विधवांचा आणि विहिरींचा सर्वे केला आहे. एकही कुठे सादर झालेला नाही.

तर, पैशांची गोष्ट.

दोनेक वर्षांपूर्वी एका खाजगी ट्रस्टने आमच्यापुढे योजना ठेवली. खंड पाडणाऱ्या चाळीस रुग्णांना वर्षभर, ठरल्या तारखेला आले आणि गोळ्यांची मोजणी बरोबर निघाली की दर खेपेला पाचशे रुपये. निकष स्पष्ट होता. तीस दिवसांहून मोठा खंड पडलेला असावा. त्यातून कोणी गळाला, दगावला, की त्याच निकषावर पुढचं नाव लावायचं.

आमच्या डॉक्टरांना ते पटलं नाही. “मॅडम, स्वतःचा जीव वाचवायचे पैसे द्यायचे का माणसाला?”

मी कागदावर लिहून दाखवलं. गावातून फाट्यापर्यंत जीप, पुढे एसटी, बाईमाणसाला अर्धं तिकीट धरलं तरी. दिवसाची बुडालेली मजुरी. एक चहा. “सर, स्वतःचा जीव वाचवायला त्याला दर महिन्याला एवढे पैसे लागतात. आपण त्यातले थोडे परत देतोय.” डॉक्टर कागद परत देत म्हणाले, “करून पाहा.”

पैशाने माणसं आली. हे मी स्पष्ट लिहिते, कारण असल्या लेखांत शेवटी पैसा हरतो आणि माया जिंकते असं दाखवण्याची पद्धत आहे. माझी लाल यादी पानभर होती ती अर्ध्या पानावर आली. बबन मिस्त्री नावाचा गवंडी, जो वर्षातले सात महिने पुण्याकडे बांधकामावर असायचा आणि फोनवर दर वेळी “उद्या निंगतो” म्हणायचा, तो तारखेच्या आदल्या दिवशी रात्रीच्या गाडीत बसून यायला लागला. मी खूष होते. तक्त्यात चाळीस नावांपुढे टिका चढत होत्या.

चूक कुठे झाली ते मला तेव्हा ऐकू आलं होतं, पण कळलं नाही. खोलीबाहेरच्या बाकावर आठ-दहा जण बसले होते आणि बबन हातातला मोबाईल वर धरून पैसे जमा झाल्याचा मेसेज सगळ्यांना दाखवत होता.

“पाहा बाप्पा. आमी येत नोतो म्हून आमाले पैसे देऊन राह्यले. तुमी बराबर येता, तुमाले कोन इचारते?”

सगळे हसले. बाकाच्या टोकाला सिंधू बसली होती, तीही हसली. म्हणाली, “मॅडम, आमी काय पाप केलं वो, येळेवर येतो हे?”

मीसुद्धा हसले. म्हणाले, “तू तं हुशार आहेस, तुले कायले पैसे?” आणि पुढच्या माणसाला आत बोलावलं.

सिंधू. वय अडतीस-चाळीस. मंगरूळपीरच्या बाजूचं एक गाव समजा. नवरा जाऊन सात वर्षं झाली, कावीळ झाली असं घरात सांगितलेलं. दीर, जाऊ आणि सासूसोबत राहते. एकर-दीड एकरात भाजीपाला, मेथी, पालक, सांबार. सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर. मुलगी नववीत, तिला आजार नाही. गोळ्यांची बाटली सिंधू मेथीच्या बियाण्याच्या डब्यात, दाण्यांत खोल पुरून ठेवायची. वाजत नाही आणि पेरणीशिवाय तो डबा कोणी उघडत नाही. घरात कोणाला काही माहीत नव्हतं. फोन दिराचा, त्यामुळे तिला फोन करायचा नाही, असं माझ्या वहीत तिच्या नावापुढे लिहिलेलं. करायची गरजही कधी पडली नव्हती. साडेपाच वर्षांत तिची एकही तारीख चुकली नव्हती. दर खेपेला माझ्या टेबलावर सांबाराची एक जुडी ठेवायची आणि निघून जायची.

मग एका तारखेला ती आली नाही.

माझी रीत अशी की तिसऱ्या दिवशी फोन आणि आठव्या दिवशी घरभेट. सिंधूला फोन करायचा नव्हता, म्हणजे घरभेट लवकर करायला हवी होती. पण मनात म्हटलं, सिंधू आहे, येईल. मेथीचा तोडा असेल. तिचं नाव निळ्या यादीच्या तळाशी गेलं. वर कोण होते? योजनेतले चाळीस. त्यांचा अहवाल ट्रस्टला महिनाअखेरीस द्यायचा होता.

मी तिच्या गावी गेले तो एकोणिसावा दिवस होता.

वस्तीवर पोचले तर दीर गजाननभाऊ ओट्यावरच होता. त्याने माझी वही पाहिली.

“कायचा सर्वे हाय, मॅडम?”

“सिंचन विहिरींचा.”

“विहिरीचा?” तो उठलाच. “अवो, घरकुलाचं काय झालं? चार साल झाले, आमचं नाव यादीत हाय म्हंते अन् पैसे नाई.”

शेजारचे दोघे आले. म्हातारी सासू आली. मी प्रत्येकाचं नाव लिहून घेतलं, कारण न लिहिलं तर संशय आला असता. सिंधू मागच्या वाफ्यात पाणी देत होती. तिने मान वर करून मला पाहिलं आणि परत खाली घातली. ओळखीची एक रेघही चेहऱ्यावर आली नाही. याबाबतीत आमचे रुग्ण नाटक कंपनीत शोभतील.

मी म्हटलं, “विहीर पाहावी लागंल. खोली मोजायची हाय.”

“म्या दाखवतो,” गजाननभाऊ म्हणाला.

“तुमी तवर सातबारा काढून ठेवा. त्याच्याबिगर नाव चढत नाई.”

तो सातबारा शोधायला घरात गेला. लोखंडी पेटीतला कागद सापडायला जेवढा वेळ लागेल तेवढा माझ्याकडे होता. सिंधू खुरपं हातात घेऊन माझ्यापुढे विहिरीकडे चालत आली. मी कठड्याशी वाकून पाण्यात बघितल्यासारखं केलं.

“काहून आली नाईस?”

“येतो ना,” ती म्हणाली. “बारा दिस राह्यले.”

“कायले बारा दिस?”

“एकतीस व्हाले.”

मला क्षणभर काहीच कळलं नाही. मग योजनेची अट आठवली.

“गोळ्या घेतल्या का? खरं सांग.”

“घेऊन राह्यली ना. तुमीच मांगं लॉकडाऊनमंदी सांगतलं होतं, दहा-पंधरा जादाच्या असू द्या घरात. जुन्या आदी खा, नव्या ठेवा. त्या चवदा होत्या. डब्बीतल्या दोन. सोळा झाल्या. एक दिस आड एक घेतो. बत्तीस दिस पुरते.”

अगदी शांतपणे सांगितलं तिने. तिला वाटत होतं, आपण चोख काम केलं आहे. तीस दिवसांहून मोठा खंड पडला की यादीत नाव लागतं, ही अट तिने बबनच्या तोंडून ऐकली होती, शिल्लक मोजली होती आणि औषध न सोडता अट पुरी करण्याचा मार्ग काढला होता. माझ्या जागी ती असती तर माझ्यापेक्षा चांगल्या याद्या केल्या असत्या. फक्त एक दिवस आड गोळी घेणं म्हणजे काय, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. जी कधी चुकत नाही तिला चुकल्यावर काय होतं ते सांगायला मला कधी वेळ झाला नव्हता.

मी सांगितलं. भरभर, खालच्या आवाजात. हेच औषध मग चालणार नाही. दुसरी औषधं लागतील, लांबच्या फेऱ्या कराव्या लागतील, घरात कळेल. ताप येईल, खोकला धरेल, भाजीचा भारा उचलणार नाहीस. पोरीचं काय?

ती ऐकत होती. मग म्हणाली, “एकोणीस दिस तं झाले. आता बारासाठी कायले नुकसान करून घेऊ?”

“आज चल माह्यासोबत.”

“आज आली तं नाव लागत नाई ना.”

“सिंधू, जीव जाईल.”

“सहा साल होतीन, मॅडम. दर खेपेले बाजार बुडते माह्या. येळेवर आली तं कोनं इचारलं? बबनभाऊ नाई आला तं तुमी त्याच्या घरी दहा खेपा गेल्या. मले पैसे बी पायजेच होते, खोटं कायले बोलू. पोरीची शिकवनी हाय. पन तुमी मले हुशार म्हनून लावून देल्लं, ते बी ध्यानात हाय.”

“सापडला वो सातबारा!” गजाननभाऊचा आवाज आला. तो कागद हलवत येत होता.

सिंधू वाकून गवत उपटू लागली. मी वहीत लिहिलं, विहीर, चाळीस फूट. आणि गजाननभाऊने पुढे केलेल्या सातबाऱ्यावरचा गट नंबर उतरवून घेतला. तो नंबर अजून त्या वहीत आहे आणि घरकुलाबद्दल तो माणूस मला अजून भेटला की विचारतो. ते एक वेगळंच पाप.

परत येताना एसटीत मी मागच्या पानावर मोजत बसले. एकोणीस दिवसांत दहा गोळ्या गेल्या, सहा राहिल्या. तिने पुढचे बारा दिवस तसंच केलं तर महिन्याची निम्मी औषधं पोटात जातील. नेमकं मला ज्याची भीती वाटते ते, आणि तेही माझ्याच निकषावरून.

दुसऱ्या दिवशी ट्रस्टच्या माणसाला फोन लावला. म्हटलं, अट बदला, वेळेवर येणाऱ्यांनाही काहीतरी द्या. तो सभ्य माणूस होता. म्हणाला, “मॅडम, मधेच निकष बदलले तर वर्षाच्या शेवटी कशाने काय झालं ते कळणारच नाही.” त्याचं चूक नव्हतं. मीही याद्या करणारी बाई आहे.

माझ्या पर्समध्ये पाचशेची नोट होती. ती देण्याचा विचार मी केला, खोटं कशाला सांगू. पण एकतर पुढच्या खेपेला काय देणार? आणि बाकावर गोष्ट लपत नाही. तारीख चुकवली की मॅडम घरी येऊन पैसे देतात, एवढं एकाने ऐकलं असतं तर पहिल्या, हिरव्या यादीतली माणसं एकेक करून लाल यादीत आली असती. पैसे द्यायचे नाहीत, हे ठरलं. मग काय द्यायचं, ते सुचेना.

औषधं देणारे आमचे इंगोलेभाऊ म्हणाले, “निदान बाटली तरी पोचवा. बाकीचं मग पाहू.” डॉक्टरांनी सही केली.

त्या दुपारी मी सिंधूची जुनी पानं काढली. खरं तर बाटलीसोबत नोंदीला तारखा हव्या होत्या म्हणून. पाहता पाहता एका कोऱ्या कागदावर चौकोन आखले, तेरा-तेराच्या सहा ओळी, कारण अठ्ठावीस दिवसांच्या हिशेबाने वर्षाला तेरा खेपा होतात. प्रत्येक चौकोनात तारीख आणि टीक. नाव नाही, औषध नाही, एकही शब्द नाही. बाजारात कोणाच्या हाती पडला तरी दुधाचा रतीब वाटावा. एकाहत्तर टिका झाल्या. एकही मागेपुढे नव्हती.

बाविसाव्या दिवशी मंगरूळपीरचा आठवडी बाजार होता. सिंधू रस्त्याच्या कडेला गोणपाट टाकून बसलेली, जाऊ पाच हातांवर कांदे विकत होती. मी पुढ्यात बसले.

“कशी दिली सांबार?”

“दहाची जुडी.”

“दोन द्या.” माझी कापडी पिशवी पुढे केली. बाटली तळाशी होती. “पिशवीत तुमचं सामान हाय. काढून घ्या अन् भाजी टाका.”

तिने हात आत घातला, बाटली लागली, हात बाहेर काढला. ओठ न हलवता म्हणाली, “हे घेतलं तं मी आली असं धरसान ना तुमी?”

“हाव.”

“मंग नोको.”

तिने दोन जुड्या पिशवीत टाकल्या आणि पिशवी परत माझ्याकडे सरकवली. जाऊने वळून पाहिलं. “काय म्हंते वो बाई?”

“भाव कमी करा म्हंते,” सिंधू म्हणाली.

“दहाच्या खाली नाई!” जाऊ ओरडली आणि गिऱ्हाइकाकडे वळली.

मी कागद काढून जुड्यांवर ठेवला.

“हे काय?”

“मोज.”

ती चौथी शिकलेली. तिने बोट ठेवून पहिली ओळ मोजायला घेतली. ओळीच्या शेवटाजवळ तिचं बोट थांबलं. तारीख वाचली. लॉकडाऊनमधला महिना होता तो.

“या खेपेले भाजीच्या गाडीत आली होती मी,” ती म्हणाली. “वांग्याच्या पोत्यावर बसून. पोलिसानं अडवलं तं वांगे दाखवले.”

“मले मायती हाय. त्या महिन्यात आमच्याकडं निम्मे बी लोक आले नोते.”

तिने उरलेल्या ओळी मोजल्या. मध्ये एक बाई पालकाचा भाव विचारून गेली, तिला उत्तर मिळालं नाही.

“एकाहत्तर?”

“एकाहत्तर.”

“मंग हे आदी काहून नाई दाखवलं?”

न येणाऱ्यांच्या माझ्याकडे तीन याद्या होत्या. येणाऱ्याच्या नावावर टीक मारली की त्याचं माझ्याकडचं काम संपत असे.

मी म्हटलं, “चूक झाली माह्यी. पैसे नाई देऊ शकत. तुह्यं नाव त्या यादीत नाई लागत, एकतीस दिवसांनी बी मी लावनार नाई. हे आताच सांगून ठेवतो. आता तू पाहा.”

तिने पाण्याचा हात जुड्यांवरून फिरवला. मी मनात धरलं होतं की ती पिशवी पुन्हा ढकलेल. तिने जाऊकडे पाहिलं, कांदेवाल्या गिऱ्हाइकाकडे पाहिलं, मग पिशवीत हात घालून बाटली काढली आणि गोणपाटाखाली सरकवली. क्षणात झालं. कोणी पाहिलं नाही.

“बाहत्तरावी टीक मारा,” ती म्हणाली.

“टीक नाई. उशिरा आली तू. गोल.”

“बाजारात येऊन देल्लं तुमी, अन् गोल?”

“गोल. अन् आठ दिवसांत येऊन रक्त दे.”

तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की वीस रुपये देऊन, कागद पिशवीत टाकून मी उठले.

रक्त द्यायला ती आली. अहवाल यायला काही आठवडे लागतात. एरवी मी अहवाल येतील तेव्हा येतील म्हणणारी, पण त्या दिवसांत रोज सकाळी संगणकावर तिचा नंबर टाकून पाहायची. इंगोलेभाऊ म्हणायचे, “मॅडम, पुन्हा पुन्हा पाह्यल्यानं दही लवकर लागते काय?”

अहवाल तिच्या पुढच्या तारखेच्या सकाळी आला. विषाणू वर आलेला होता. फार नाही, पण साडेपाच वर्षं जिथे काही दिसत नव्हतं तिथे आकडा दिसत होता. डॉक्टर म्हणाले, साडेतीनेक महिने रोज नीट घेऊ दे, मग पुन्हा रक्त तपासू. दबला तर हेच औषध. नाही दबला तर पुढची औषधं आणि मोठ्या शहरात पाठवावं लागेल.

मी सिंधूला तसंच सांगितलं. ती रडली नाही. “दबते का तो?” एवढंच विचारलं.

“बहुतेकांचा दबते.”

“बहुतेक म्हंजे किती?”

माझ्याकडे जो आकडा होता तो तिचा नव्हता.

त्या महिन्यांत तिची एकही तारीख चुकली नाही. दर खेपेला ती बाटली आणायची, इंगोलेभाऊ मोजायचे, मग माझ्या खोलीत येऊन ड्रॉवरमधला कागद मागायची आणि टीक स्वतःच्या हाताने मारायची. माझं पेनही घ्यायची, हिरवं. बाहत्तराव्या चौकोनातल्या गोलाकडे बोट दाखवून दर वेळी म्हणायची, “हे खोडा.” मी दर वेळी नाही म्हणायची.

मधे योजनेचं वर्ष संपलं. पाचशे रुपये बंद झाले त्या पहिल्या महिन्यात मी चाळीस नावं घेऊन दारातच बसले होते. बरेच आले. बबन मिस्त्री आला आणि म्हणाला, “आता सवय लागली, बाप्पा. पैसे नाई तं नाई, पन एक चाय तं पाजा.” काही आले नाहीत. त्यांच्यातल्या दोघांना आणलं. तिसऱ्याच्या घरी पोचले तेव्हा ओट्यावर दुखवट्याची माणसं बसली होती आणि मला सर्वे म्हणायचीही लाज वाटली. त्याचं नाव मी लाल यादीतून अजून काढलेलं नाही. यावर एक वेगळा लेख होईल, पण तो मी लिहिणार नाही.

पैसे देणं चूक होतं, असं मला आजही वाटत नाही. सगळ्यांना जाण्यायेण्याचा खर्च मिळावा, चुकणाऱ्याला आणि न चुकणाऱ्यालाही, असं मी दर बैठकीत लिहून देते. आणि माझ्याकडे आता पाचवी यादी आहे, वेळेवर आलेल्यांची. महिन्याच्या शेवटी त्यांतल्या प्रत्येकाला खोलीत बोलावून त्यांच्या टिका दाखवते. वेळ लागतो. बाहेर बाक भरलेलं असतं, लोक कुरकुरतात.

सिंधूचं दुसरं रक्त गेलं. तिच्या पुढच्या तारखेला अहवाल यायचा होता.

ती सकाळी साडेनऊला आली. नेट गेलं होतं. मी म्हटलं, बस. बसली नाही. दारात उभी राहिली, सांबाराची जुडी हातात. दहा वाजले. इंगोलेभाऊंनी वायर काढून पुन्हा लावली. सिंधू म्हणाली, “नसन चांगला तं आताच सांगून टाका, मले बारा वाजताची गाडी हाय.” मी म्हटलं, मलाच माहीत नाही. तिला ते खरं वाटलं नाही. डॉक्टर येऊन बघून गेले. बाहेर कोणीतरी खोकत होतं आणि तो खोकला मला एकेक मोजता येत होता. मोठ्या शहराला जायचं झालं तर घरात काय सांगायचं याची मी मनात यादी करत होते. डोळ्यांचं ऑपरेशन, पोरीचा दाखला, बहिणीचं बाळंतपण. तिसरं चाललं असतं.

साडेदहाला पडद्यावर चाक फिरायचं थांबलं. नंबर टाकला. पान उघडलं. मी दोनदा वाचलं, मग पडदा तिच्याकडे फिरवला, तिला इंग्रजी वाचता येत नाही हे विसरून.

“काय लिवलं हाय?”

“आढळला नाही, असं लिवलं हाय.”

“म्हंजे दबला?”

“दबला.”

तिने जुडी टेबलावर ठेवली. मग खुर्चीत बसली, पहिल्यांदाच. पदराने तोंड पुसलं, एकदा, दोनदा, बराच वेळ. इंगोलेभाऊ उगाच कपाट उघडून बाटल्या मोजायला लागले.

मग म्हणाली, “अन् पैसे?”

“योजना संपली, सिंधू.”

“मायती हाय. इचारून पायलं.”

तिने ड्रॉवर उघडला, आता ती परवानगी मागत नाही, कागद काढला आणि हिरव्या पेनाने शेवटच्या चौकोनात टीक मारली. अठ्ठ्याहत्तर. सहाही ओळी भरल्या होत्या, मधे एक गोल. कागद तिने माझ्यापुढे सरकवला.

“हा भरला. दुसरा लावा,” ती म्हणाली. “अन् जरा मोठा लावा.”